चित्र पोहोचले, दुवा निखळला

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या की एक चित्र वर्गात येतेच येते. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि तांबड्या ठिपक्यांची रांगोळी. खाली एक ओळ असते : 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत. नासाने टिपलेले छायाचित्र.' विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत हेच चित्र आमच्यापुढे आले. एका बाईंनी ते रंगीत छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, वर्गात लावण्यासाठी तयार केले होते. काम नीटनेटके होते. आम्ही विचारले,

"बाई, हे चित्र कुठून मिळालं?"

"मुलांनीच दाखवलं, सर. नववीतल्या एका मुलीच्या मोबाइलवर होतं. कुठल्याशा पेजवर आलं होतं. लाखभर फॉलोअर आहेत म्हणे त्या पेजला."

"आणि त्या पेजला कुठून मिळालं?"

बाई क्षणभर थांबल्या. "ते काही लिहिलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

प्रस्तुत लेख या शेवटच्या उत्तराविषयी आहे. चित्र खोटे होते असे आम्हाला म्हणायचे नाही. ते खरेच होते, खोटी होती ती त्याखालची ओळ. ती खोटी आहे हे कळण्याचा रस्ता चित्राबरोबर आला नव्हता, कारण वाटेत कुठेतरी तो तुटला होता. चित्र लाखो लोकांपर्यंत जाते आणि त्याचा मूळ दुवा मात्र जात नाही, हे केवळ निष्काळजीपणामुळे घडते का? की ज्या माध्यमांतून ही चित्रे फिरतात त्यांची रचनाच तशी आहे? हे तपासून पाहू.

चित्र नेमके कशाचे?

हे चित्र अमेरिकेतील नोआ या हवामान व सागरविषयक संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली तयार केले. उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या रात्रीच्या नोंदी त्यात एकत्र केलेल्या आहेत. १९९२ पूर्वीच दिसत असलेले शहरांचे दिवे पांढऱ्या रंगात दाखवले आहेत. जे दिवे १९९२ साली दिसू लागले ते निळे, १९९८ साली दिसू लागले ते हिरवे आणि २००३ साली दिसू लागले ते तांबडे. म्हणजे हे छायाचित्र नाही, हा नकाशा आहे. त्यातले रंग दिव्यांचे नसून वर्षांचे आहेत. वस्ती आणि वीज कशी पसरत गेली हे दाखवण्यासाठी तो काढलेला होता. दिवाळीशी त्याचा संबंध नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, दिवाळीच्याच सुमारास, नासाने आपल्या सुओमी एनपीपी या उपग्रहाने घेतलेले दक्षिण आशियाचे खरे रात्रीचे चित्र प्रसिद्ध केले आणि सोबत या गैरसमजाचा खुलासाही केला. दिवाळीत होणारा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा वेगळा जाणवणारही नाही, असे नासाने त्यात म्हटले होते.

हे वर्गातही सहज पटवून देता येते. पणतीचा उजेड साधारण एका मेणबत्तीइतका धरला, तर तो सुमारे १२ ल्युमेन भरतो. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा साधारण ८०० ते ९०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे एका दिव्याची बरोबरी करायला सुमारे ७० पणत्या लागतात. ज्या गावात रोज रात्री शेकडो विजेचे दिवे लागतात तेथे पणत्यांनी पडणारी भर किती, हा हिशोब आठवीचा विद्यार्थीसुद्धा करील.

पण येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या हिशोबाने 'ही दिवाळी नसावी' एवढेच कळते. मग निळा ठिपका म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, हे कोणत्याही हिशोबाने कळणार नाही. त्यासाठी चित्र काढणाऱ्यापर्यंतच जावे लागते.

याउलट उदाहरण मंगळाचे. '२७ ऑगस्टला मंगळ पूर्ण चंद्राएवढा दिसणार' हा संदेश २००३ पासून पुन्हा पुन्हा फिरतो. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर आला होता. मूळ मजकुरात म्हटले होते की, ७५ पट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. फिरता फिरता दुर्बीण गळली आणि चंद्र उरला! पण येथे मूळ सापडले नाही तरी अडत नाही. मंगळाचा व्यास सुमारे ६,८०० किलोमीटर. त्याला अंतराने भागा. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर आणि अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. त्यांचाही भागाकार करा. दोन्ही उत्तरांचे गुणोत्तर जवळजवळ ७५ येते. गळलेला शब्द गणिताने परत मिळाला.

तेव्हा पडताळणीचे मार्ग दोन : स्वतः करून पाहणे, किंवा ज्याने केले त्याच्यापर्यंत जाणे. शाळेत आपण पहिल्याचा आग्रह धरतो आणि ते योग्यच आहे. पण विज्ञानातली बहुतेक विधाने आपण स्वतः करून पाहू शकत नाही. उपग्रह आपल्या अंगणात नाही. तेथे दुसरा मार्ग उघडा असणे आवश्यक ठरते.

दुव्याची कुळकथा

शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भ देण्याची प्रथा विज्ञानात जुनी आहे. 'हे मी म्हणतो म्हणून मानू नका, तेथे जाऊन पाहा' असे सांगण्याची ती पद्धत. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची काढली आणि कोणत्या निबंधाचा हवाला पुढे कोणी कोणी घेतला हे शोधता येऊ लागले. संदर्भांची ही साखळी आता दोन्ही दिशांनी चालता येऊ लागली.

यंत्राच्या साहाय्याने अशी साखळी बांधण्याची कल्पना व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली एका लेखात मांडली होती. १९६५ साली टेड नेल्सन यांनी अशा एकमेकांत गुंफलेल्या मजकुराला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिले. युरोपातील सर्न या भौतिकीच्या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला तो अगदी घरगुती अडचणीतून. निरनिराळ्या यंत्रांवर विखुरलेली माहिती शोधायची कशी, आणि माणसे सोडून गेली की त्यांच्याबरोबर माहितीही हरवते तिचे काय, ही ती अडचण. त्यातून वर्ल्ड वाइड वेब उभे राहिले आणि एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ते सर्वांना विनामूल्य खुले केले.

या जाळ्यातला दुवा अतिशय साधा आहे. तो देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही, पदवी लागत नाही. नोबेल विजेत्याचा दुवा आणि शाळकरी मुलाचा दुवा सारख्याच तऱ्हेने उघडतो. या साधेपणाची किंमतही आहे. दुवा एकतर्फी असल्यामुळे पलीकडचे पान हलवले वा पुसले तरी अलीकडच्याला पत्ता लागत नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या संकेतपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. पण हे दुव्याच्या म्हातारपणाचे दुखणे झाले. आपला विषय त्याच्या जन्मालाच होणाऱ्या अडवणुकीचा आहे.

जेथे दुवा हा नुसती अक्षरे असतो

इन्स्टाग्राम हे छायाचित्रांचे माध्यम केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू केले. २०१२ साली फेसबुकने १०० कोटी डॉलर देऊन ते घेण्याचे जाहीर केले. आज आपल्या नववी-दहावीच्या वर्गांत ते माहीत नसलेला विद्यार्थी विरळा. त्यांच्या घरी पालकांचे खाते असते, नाहीतर दादाचे किंवा ताईचे असते.

या माध्यमाने सुरुवातीपासून एक नियम पाळला. चित्राखालच्या मजकुरात तुम्ही संकेतपत्ता लिहू शकता, पण त्यावर बोट टेकवले तर काही उघडत नाही. तो दुवा न राहता नुसती अक्षरे होतो. पाहणाऱ्याने तो लक्षात ठेवायचा आणि दुसरीकडे जाऊन टंकायचा. चालणारा दुवा देण्याची जागा एकच होती, ती म्हणजे खातेदाराच्या परिचयाची, ज्याला सगळे 'बायो' म्हणतात. तेथेही बरीच वर्षे एकच दुवा मावत असे. पाच दुवे देण्याची मुभा एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. म्हणूनच 'लिंक बायोमध्ये आहे' हे वाक्य सर्वांच्या तोंडी बसले, आणि त्या एका जागेत अनेक दुव्यांची यादी बसवून देणाऱ्या लिंकट्रीसारख्या सेवांचा २०१६ पासून स्वतंत्र धंदा सुरू झाला.

ऑगस्ट २०१६ मध्ये चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या 'स्टोरी' आल्या. त्यांत चालणारा दुवा घालण्याची सोय आधी प्रमाणित खात्यांना, आणि नंतर १०,००० किंवा अधिक फॉलोअर असणाऱ्यांना मिळाली. सर्वसाधारण खातेदाराला ती ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली. त्याच वेळी, अगदी नवीन खाती आणि वारंवार द्वेषमूलक किंवा चुकीचा मजकूर पसरवणारी खाती यांतून वगळण्यात आली.

या व्यवस्थेवर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप जागेविषयी. पुराव्याची जागा विधानाजवळ असली पाहिजे. शोधनिबंधात ज्या वाक्याला आधार हवा त्या वाक्यावरच आकडा टाकतात. तो आकडा लेखकाच्या परिचयात टाकला तर काय होईल? येथे नेमके तेच होते. त्यात परिचयातला दुवा बदलत राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राखाली 'लिंक बायोमध्ये' असे लिहिलेले असते आणि आज त्या बायोत दुसऱ्याच गोष्टीचा दुवा असतो. विधान जुने आणि हवाला नवा! स्टोरीतला दुवा तर दुसऱ्या दिवशी स्टोरीबरोबरच जातो. आणि कोणी त्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला, की ना मजकूर राहतो ना परिचय. दिवाळीच्या चित्रासारख्यांची वाटचाल बहुधा अशीच होते.

दुसरा आक्षेप न्यायाविषयी. सुमारे चार वर्षे स्टोरीत दुवा देण्याचा हक्क फॉलोअरांच्या संख्येला बांधलेला होता. एखाद्या तालुक्याच्या गावी पक्ष्यांची छायाचित्रे टाकणाऱ्या शिक्षकाला तीनशे फॉलोअर असतील. तो आपल्या विधानाचा पुरावा एका बोटाच्या अंतरावर ठेवू शकत नव्हता, आणि क्रीम विकणारा नट ठेवू शकत होता. विज्ञानात नेमकी उलट रीत आहे. जो अनोळखी आहे त्यालाच पुरावा देण्याची गरज अधिक, म्हणून त्याची वाट अधिक मोकळी असायला हवी.

तिसरा आक्षेप कारणाविषयी. दुवे अडवण्याचे समर्थन फसवणूक आणि कचरा-जाहिराती टाळण्यासाठी असे केले जाते. पण २०१५ पासून पैसे मोजणाऱ्या जाहिरातदाराच्या चित्राखाली दुवा चालतो. 'अधिक माहिती' असे बटणच तेथे असते. म्हणजे दुवा चालवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि तो मुळातच घातक मानला आहे असेही नाही. दुवा म्हणजे घराबाहेर जाण्याचे दार. पाहणारा जितका वेळ आत राहील तितक्या जाहिराती त्याला दाखवता येतात. त्यामुळे बाहेरचे दार फुकट उघडायचे नाही, हा व्यापाराचा हिशोब या रचनेत आहे असे मानणे आम्हाला भाग पडते. व्यापाऱ्याने व्यापार करू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्या दुकानाला आपण वाचनालय समजू नये.

दुसरी बाजू

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते पोकळ नाही.

प्रत्येक चित्राखाली दुवा चालू लागला तर बँकेच्या नावाने फसवणारे, बक्षिसाचे आमिष दाखवणारे दुवे वाढतील, ही भीती खरी आहे. ज्या माध्यमांत दुवे मोकळे आहेत तेथे हा उपद्रव आपण रोज पाहतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाइल देताना या गोष्टीचा विचार आपणही करू.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. दुवा दिला तरी लोक उघडतात कोठे? २०१६ साली कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील इन्रिया या संस्थेतील संशोधकांनी ट्विटरवरील बातम्यांचे दुवे तपासले तेव्हा, पुढे पाठवलेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुवे एकदाही उघडले गेलेले नव्हते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, फेसबुकवरील साडेतीन कोटी सार्वजनिक नोंदींच्या अभ्यासात असे आढळले की, दुवे पुढे पाठवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वेळा पाठवणाऱ्याने ते पान उघडलेलेच नव्हते. दुवा मोकळा असलेल्या माध्यमांची ही स्थिती! मग इन्स्टाग्रामने दुवा दिला नाही तर बिघडले काय, असे कोणी विचारील.

आमचे उत्तर असे. शोधनिबंधातले सगळे संदर्भ तरी कोण उघडून वाचतो? शंभरात दोघे-चौघे. तरीही संदर्भ देणे सक्तीचे आहे, कारण त्या दोघा-चौघांपैकी कोणी तरी पाहील, हे लिहिणाऱ्याला माहीत असते. तपासण्याची शक्यता एवढीच गोष्ट त्याला सरळ ठेवते. गावच्या वाण्याचे वजन रोज कोणी तपासत नाही, पण प्रमाणित वजने अस्तित्वात आहेत आणि कोणीही तपासू शकतो म्हणून बाजार चालतो. दिवाळीच्या चित्राबरोबर मूळ पानाचा दुवा असता, तर लाखातल्या शंभर जणांनी तो उघडला असता. तेवढ्यांनी खाली खरी गोष्ट लिहिली असती. कोणी उघडणार नाही म्हणून दार बांधायचेच नाही, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.

फसवणुकीच्या मुद्द्यावर मात्र उत्तर सोपे नाही. तेथे दुवा ओळखायला शिकणे हाच टिकाऊ उपाय दिसतो, आणि ते काम शाळेचे आहे.

दुवा वाचायचा कसा?

पोस्टाच्या पत्त्याप्रमाणे संकेतपत्त्याचेही भाग असतात. सुरुवातीला 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असतात. वाटेत कोणी मजकूर वाचू नये म्हणून तो गुप्त रूपात जातो, एवढाच त्यांचा अर्थ. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यानंतर पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत येते ते घराचे नाव. ते उजवीकडून डावीकडे वाचावे. अगदी उजवीकडचे दोन-तीन तुकडे खरे मालक सांगतात. डावीकडे कोणीही बँकेचे वा नासाचे नाव घालू शकतो. फसवणारे नेमके तेथेच ते घालतात.

तिरक्या रेघेनंतर येते ती त्या घरातली खोली. त्यापुढे कधी कधी प्रश्नचिन्ह आणि बरीच निरर्थक वाटणारी अक्षरे असतात. इन्स्टाग्रामवरून 'शेअर' केलेल्या दुव्यात प्रश्नचिन्हापुढे 'आयजीएसएच' अशा अक्षरांनी सुरू होणारी शेपटी दिसते. ही शेपटी पानाचा पत्ता सांगत नाही. हा दुवा कोणत्या 'शेअर'मधून आला याचा माग ठेवण्यासाठी ती असते. फेसबुकही २०१८ पासून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना अशी शेपटी जोडते. वर्गात प्रयोग करून पाहा. शेपटी काढून दुवा उघडा. पान तरीही उघडते. अर्थात प्रत्येक प्रश्नचिन्हापुढचा भाग निरुपयोगी नसतो. यूट्यूबच्या दुव्यातून तो काढला तर चित्रफीत सापडत नाही. कोणता भाग पत्ता आणि कोणता भाग माग, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून ठरवावे. आपण मित्राला पाठवतो ते नुसते चित्र नसते, 'मी तुला पाठवले' ही नोंदही कोठे तरी होत असते, हे अशा प्रयोगाने जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही.

लघुदुव्यांबद्दलही सावध राहायला हवे. ते छोटे असतात, पण घराचे नाव झाकतात. शिवाय मधला दुकानदार गेला की दुवाही जातो. गूगलने आपली दुवे लहान करण्याची सेवा २०१९ साली नव्या दुव्यांसाठी बंद केली, आणि २०२५ मध्ये वापरात नसलेले तिचे जुने दुवेही चालेनासे झाले. क्यूआर कोड हाही दुवाच. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो निघाला आणि आज आपल्या पाठ्यपुस्तकांतही आहे. तो डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून त्याखाली पूर्ण पत्ता अक्षरांत छापणे हे सौजन्य आहे.

आपले घर

इतका वेळ दुसऱ्याला नावे ठेवल्यावर आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. विज्ञान प्रदर्शनांतले तक्ते आठवा. चित्राखाली 'सौजन्य : गूगल' किंवा 'इंटरनेटवरून साभार' असे लिहिलेले असते. गूगल हे चित्राचे उगमस्थान नाही. ग्रंथपालाने कपाट दाखवले म्हणून पुस्तकाचा लेखक ग्रंथपाल होत नाही. आम्ही शास्त्रज्ञही यात मागे नाही. स्वतःच्या निबंधात चाळीस संदर्भ देणारे आम्ही, शाळेत भाषण द्यायला गेलो की पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवतो आणि ती कोणाची हे सांगायला विसरतो. मुलांनी पाहिले ते हे. मग एखादे पेज तसेच वागले तर त्यांना त्यात वावगे का वाटावे? इन्स्टाग्रामने दुवा निरुपयोगी केला, पण त्याआधी आपण तो अनावश्यक ठरवला होता.

म्हणून काही साध्या सवयी सुचवतो. माध्यमाचे नियम बदलोत वा न बदलोत, त्या पाळता येतील.

पहिली : चित्र कोणी काढले, कोणत्या संस्थेत, कोणत्या वर्षी आणि कशाचे, या चार गोष्टी चित्राच्या खालच्या कडेवरच लिहाव्यात, म्हणजे स्क्रीनशॉट काढला तरी त्या बरोबर जातात. या चार गोष्टी असतील तर पत्ता मेला तरी माणूस मूळ शोधून काढू शकतो.

दुसरी : दुवा द्यायचा तो मूळ पानाचा. जेथे आपल्याला चित्र दिसले तेथला नव्हे.

तिसरी : शक्य असेल तेथे टिकाऊ पत्ता द्यावा. शोधनिबंधांना २००० सालापासून 'डीओआय' हा कायमचा क्रमांक मिळू लागला आहे. इतर पानांची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करून तिचा दुवा देता येतो.

चौथी : मूळ सापडले नाही तर चित्र वापरू नये, किंवा 'मूळ सापडले नाही' असे स्पष्ट लिहावे. हे लिहिण्यात कमीपणा नाही.

आणि वर्गासाठी एक उपक्रम. विद्यार्थ्यांनी आठवड्यात मोबाइलवर पाहिलेली विज्ञानविषयक तीन चित्रे आणावीत. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरून प्रत्येकाचे सर्वांत जुने ठिकाण शोधावे. मूळ ओळ आणि फिरती ओळ शेजारी शेजारी लिहावी. काय गळले, काय वाढले, याची नोंद करावी. ज्याचे मूळ सापडत नाही त्यावर मंगळासारखा हिशोब करून पाहता येतो का, हे ठरवावे. दोन तासिकांत हे होते, आणि आमच्या मते एक प्रकरण शिकवल्याचे समाधान देऊन जाते.

त्या बाईंनी पुठ्ठा फेकून दिला नाही, हे सांगायला हवे. त्यांनी चित्र तसेच ठेवले आणि खालची ओळ बदलली : 'भारतातील रात्रीच्या दिव्यांची वाढ, २००३ पर्यंत. उपग्रहांच्या नोंदींवरून : ख्रिस एल्विज, नोआ, अमेरिका.' मग मुलांना विचारले, आपले गाव कोणत्या रंगात असेल? मुले घरी गेली आणि आजी-आजोबांना विचारू लागली, गावात वीज कधी आली, पहिला दिवा कोणाच्या घरी लागला, वाडीवर ती केव्हा पोहोचली. दुसऱ्या दिवशी वर्गात साली घेऊन आलेल्या मुलांचे आपसांत वाद झाले. 'दिवाळीचा भारत' या ओळीने त्यांना एवढे बोलते केले नसते. ती वाचून 'वा!' म्हणायचे आणि पुढे पाठवायचे, एवढेच काम उरले असते.